हँडब्रेक ओढलेलाच राहिला आणि मी १८ किलोमीटर गाडी हाणली

धुऱ्यावरचा

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. घरचे सगळे हसून झालेत. पण शेवटी दोन प्रश्न आहेत, तेवढ्यांची उत्तरं द्या.

परवा आईला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. आमचं गाव आर्णी तालुक्यात. गाडी छोटी, पेट्रोल, सेकंडहँड, घेऊन दीड वर्ष झालं. मागे ड्रम ब्रेक. साडेदहाचा नंबर होता म्हणून नऊला निघालो. मे महिना, नऊ वाजताच ऊन टोचायला लागलेलं. काचा बंद, एसी फुल.

गावरस्त्यावर गाडी जड वाटत होती. म्हटलं एसीमुळे असेल. हायवेला लागल्यावर चौथा गियर टाकला की गाडी मरगळायची, पुन्हा तिसरा टाकावा लागायचा. मग मनातल्या मनात पेट्रोलवाल्याला शिव्या घातल्या, भेसळ केली म्हणून. (त्या बिचाऱ्याची इथे जाहीर माफी.)

मग वास यायला लागला. आई म्हणाली, "काहीतरी जळून राह्यलं रे." मी म्हटलं, "पऱ्हाट्या पेटवल्या असतील कोणी." दाखवायला एक शेतही सापडलं, मे महिन्यात कुठे ना कुठे धुरा जळतच असतो. आई गप्प बसली, पण तिला पटलं नव्हतं. पाच मिनिटांनी म्हणाली, "जलमभर पऱ्हाट्या पेटवल्या मी. हा पऱ्हाटीचा वास नोहे." तरी मी चालवतच राहिलो. खरी चूक ही, हँडब्रेक त्यानंतरचा.

एका गावाजवळ गतिरोधकासाठी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. तिथे पोटात गोळा आला. निंबाच्या झाडाखाली गाडी घेतली. उतरून पाहतो तर मागच्या डाव्या चाकातून धूर आणि उजव्याजवळ हात नेववत नाही इतकी धग. आत येऊन पाहिलं, हँडब्रेक चार दात वर. निघताना ट्रिप शून्यावर करायची मला खोड आहे. आकडा होता १८.२.

घाबरून पाण्याची अर्धी बाटली डाव्या चाकावर ओतली. चर्र झालं आणि वाफ आली. शेळ्या चारणारे एक काका आले, म्हणाले, "थंडं होऊ दे ना बाप्पा. घाई कायची हाय?" पाऊण तास त्यांच्याशी गप्पा मारत बसलो. पेडल परत वर आलं, मग चाळीसच्या वर न जाता यवतमाळ गाठलं. नंबर अर्थातच गेला. दुपारी दीडला आईला तपासलं.

आता हँडब्रेक ओढला कोणी? मी नाही. मी तो लावतच नाही, गाडी गियरमध्ये उभी करतो. वडिलांची ट्रॅक्टरवरची सवय माझ्यात उतरली आहे. सुट्टीत भाचे आलेत. आदल्या संध्याकाळी धाकटा गाडीत बसून डायव्हर-डायव्हर खेळत होता. बाकी तुम्हीच समजून घ्या.

प्रश्न १: आता ब्रेक बरे लागतात. तरी काय काय उघडून पाहायचं?
प्रश्न २: हँडब्रेकचा लाल लाइट असतो ना? तो लागला कसा नाही? चाबी फिरवली की तो लागतो आणि विझतो, म्हणजे बल्ब तर ठीक आहे.

तर्रीपोहा

भाच्याला आतापासून आरटीओत चिकटवा. बिना लायसनची गाडी थांबवायचं काम त्यानं १८ किलोमीटर आधीच सुरू केलं होतं.

आणि पुढच्या वेळी आईला पुढे बसवून नुसतं बसवू नका, तिचं ऐकत जा. एवढं नाक आमच्या नागपुरात कोणत्या गॅरेजवाल्याचं नाही बे.

पाना_नंबर_१४

भाऊ, मी गॅरेजवाला हाय, दिग्रसकडचा. पह्यले थे पाण्याचं सांगतो. गरम ड्रमवर पाणी टाकाचं नाई, कधीच नाई. ड्रम बिडाचा असते. एकदम थंडा झाला तं बारीक तडा जाते, नाई तं गोलाई बिघडते. मंग ब्रेक दाबला का पाय थरथरते. तुमी अर्धीच बाटली टाकली, वाचला असन. पण पाह्यजा.

काय काय उघडाचं थे सांगतो. दोनी मागचे ड्रम काढाचे. एकच काढून "दुसरा बी तसाच असन" म्हणनारा मिस्त्री असन तं दुसरा मिस्त्री पाहाचा. लायनर (ड्रमले आतून घासून चाक थांबवनाऱ्या पट्ट्या) आरशासारखे चकाकून राह्यले असन तं समजाचं का जळले. थोडीशी चकाकी असन तं पॉलिश पेपरनं घासून चालते. पण कडा काया पडल्या असन, नाई तं भेगा असन, तं नवे टाकाचे, आन् दोनी बाजूचे संगंच. एका बाजूला नवे, एका बाजूला जुने टाकले तं ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडं ओढते. ड्रमच्या आतून निळा डाग दिसला तं लय तापला म्हणाचा. मंग व्हील सिलेंडरचे रबरी बूट पाहाचे, तेल पाझरून राह्यलं का. बेरिंगचं ग्रीस पातळ होऊन बाहीर आलं का. चाक हातानं फिरवून आवाज आयकाचा.

ब्रेक ऑइल तं बदलाचंच. तुमचं पेडल खाली गेलं होतं ना? त्याची दोन कारनं. एक तं ड्रम तापून फुगते, म्हणून लायनरले जास्त दूर जा लागते. दुसरं, ऑइल उकळलं का त्यात वाफ होते. ऑइल दबत नाई, वाफ दबते. म्हणून पाय खाली जाते. नवं डॉट ३ ऑइल २०५ डिग्रीले उकळते, डॉट ४ थे २३० ले. पण हे ऑइल हवेतलं पाणी पेते. ओलं झालेलं डॉट ३ थे १४० लेच उकळते. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाच्या टायमाचं असन, खरं का नाई?

लाइटचं: गाडी उभी असतानी चाबी देऊन हँडब्रेक दोन दात ओढून पाहा. लागला नाई तं दांड्याच्या बुडाले एक स्विच असते, त्याची वायर पाहा.

मुठाकाठ

नवल वाटलं. गाडी सुरू करताना आरसे, बेल्ट, हँडब्रेक, गियर या क्रमानं पाहायचं हे कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. शिवाय आता इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आले आहेत. आमच्या गाडीत बेल्ट लावून, दार बंद करून ॲक्सिलरेटर दाबला की ब्रेक आपोआप सुटतो. त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

मोर्शीची_लेक

मुठाकाठ, प्रश्न उद्भवला आहे म्हणून तर धागा आहे.

ड्रायव्हिंग स्कूलचं म्हणाल तर माझी गंमत ऐका. मला शिकवणाऱ्या सरांनी चढावर गाडी कशी काढायची ते हँडब्रेकवर शिकवलं. क्लच अर्धा सोडायचा, गाडीचं नाक किंचित उठलं की हँडब्रेक खाली. परीक्षेत जमलं. लग्नानंतर सासरी आमच्या वाड्याचं फाटक चढावर आहे. पहिल्याच दिवशी सासूबाई मागे बसलेल्या, दीर फाटक धरून उभे. नाक उठलं, मी निघाले, आणि हँडब्रेक खाली करायचाच राहिला. बाजारापर्यंत पोचलो. सासूबाई म्हणाल्या, "गाडी कण्हून राह्यली व." मला वाटलं माझ्या चालवण्यावर बोलल्या. दोन दिवस रुसून होते मी.

धुऱ्यावरचे, तुमच्या आईसारखंच. यांना गाडी चालवता येत नाही, पण बंडीच्या आसाला वंगण कमी पडलं की लांबून ओळखणारी ही माणसं आहेत.

भौतिकमास्तर

वर्ध्याला अकरावी-बारावीला शिकवतो, सवयीनं लांबण लागेल.

पुष्कळांना वाटतं, हँडब्रेक लागलेला असताना गाडी हललीच कशी. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना धरतो, तोही तारेनं, आणि त्याचं काम उभी गाडी उभी ठेवणं. छोट्या गाड्यांत इंजिन बहुतेक पुढच्या चाकांना ओढतं. पहिल्या गियरमध्ये इंजिनाचा पीळ चाकापर्यंत जाताना दहा पटींहून जास्त होतो. चार दातांवरचा हँडब्रेक त्याला काय पुरणार? पूर्ण ओढलेला असता तर गाडी हलताना इतकी कुरकुरली असती की तुम्ही फाटकातच थांबला असता. अर्धवट ओढलेला जास्त वाईट, कारण तो कळत नाही.

आता हिशोब. समजा, मागची चाकं मिळून ३० किलो वजनाइतक्या जोरानं मागे ओढत होती. (अंदाज आहे, वाद घालायचा तर घाला.) १८ किलोमीटरला ही ऊर्जा साधारण दीड युनिट वीज होते. १८ लिटर पाणी, म्हणजे आपली आंघोळीची बादली, ३० अंशांवरून उकळीला आणायला जेवढी लागते तेवढी. ही सगळी दोन ड्रमांत गेली, आणि बाहेर हवा मे महिन्याची. थोडी वाऱ्यानं उडाली, बाकीची वासाच्या रूपानं तुमच्या आईपर्यंत आली.

पेट्रोलही त्याच हिशोबानं जास्त जळालं. पंपवाल्याची माफी योग्यच.

लालडबा_निवृत्त

एसटीत ३१ वर्षे गाडी चालवली, यवतमाळ विभागात. आमच्या बसला उलटा न्याय. एअर ब्रेकच्या गाडीत पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि हवेच्या दाबानं सुटतो. हवा नसली की ब्रेक लागलेलाच. म्हणून सकाळी बस सुरू करून डायव्हर नुसता बसलेला दिसतो, तेव्हा तो तंबाखू मळत नसतो, हवा भरायची वाट पाहत असतो. (तंबाखूही मळतो, ते वेगळं.) पाइप फुटला तर गाडी थांबते, पळत सुटत नाही.

छोट्या गाडीत तसं नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हँडब्रेकला ऑइलशी देणंघेणं नाही, तार आहे. पेडल पूर्ण गेलं तर तोच कामाला येतो. बटण दाबून धरायचं आणि हळूहळू ओढायचा. एकदम ओढला तर मागची चाकं घसरून गाडी आडवी होते. गियरही एकेक खाली आणायचा. म्हणून "मी हँडब्रेक लावतच नाही" हे मला पटलं नाही. जी तार कधी हलत नाही ती गंजते आणि ऐनवेळी दगा देते.

धुऱ्यावरचा

काका, मान्य. पण वडील म्हणतात गियरमध्ये ठेवली की पुरे.

लालडबा_निवृत्त

सपाटीवर पुरे. उतारावर दोन्ही. वडिलांना नमस्कार सांगा.

पाना_नंबर_१४

काकाचं बराबर हाय. पण एक सूट देतो. पावसाळ्यात गाडी धुतली, नाई तं काया मातीच्या चिखलातून आनली, आन् आठ दिस शेडमंधी उभी ठेवाची हाय, तं हँडब्रेक लावू नोका. ओले लायनर ड्रमले गंजून चिपकते. गियरमंधी ठेवा, चाकाले दगड लावा. तसंच ड्रम लालबुंद तापला असन तं तेव्हाबी हँडब्रेक ओढाचा नाई, थंडा होतानी ड्रम आकसते आन् लायनरले धरून बसते.

आन् मास्तर, तुमचा ३० किलोचा अंदाज कमी हाय असं मले वाटते. धूर निघाला ना.

भौतिकमास्तर

मग दोन बादल्या धरा.

तर्रीपोहा

दोन बादल्यांत घरच्या सगळ्यांची आंघोळ झाली असती, भाच्यासकट.

चिखलदऱ्याचा_पाहुणा

घाटात असाच वास येतो, तेव्हाही हँडब्रेकच का? मागच्या पावसाळ्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना आमच्या पुढच्या चाकांतून धूर आला होता. हँडब्रेक तर खाली होता.

मोर्शीची_लेक

पुढच्या चाकांचा हँडब्रेकशी संबंध नाही हो, वर मास्तरांनी सांगितलंय. तुम्ही पूर्ण घाट पायाच्या ब्रेकवर उतरलात. आमच्याकडे सगळे तिकडे जातात, दर रविवारी वळणावर अशी एखादी गाडी बॉनेट उघडून उभी असते. बॉनेट उघडून काय पाहतात देव जाणे. ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरायचं. न्यूट्रल तर अजिबात नाही.

धुऱ्यावरचा

आज गॅरेजमध्ये गेलो होतो. सगळं सांगतो.

हँडब्रेक ओढून पाहिला. दोन दात, चार दात, पार वरपर्यंत. लाइट लागत नाही. मिस्त्रीनं दोन सीटांमधलं कव्हर काढलं. आत भुईमुगाची टरफलं, एक रुपयाचं नाणं, माझी हरवलेली पेनड्राइव्ह, आणि दांड्याच्या बुडाशी एक वायर काढून, तिच्यावर नीट काळी टेप गुंडाळून, बाजूला वळवून ठेवलेली. निसटलेली नव्हती, कोणीतरी मुद्दाम काढलेली.

मिस्त्रीचं म्हणणं, स्विचमध्ये धूळ जाऊन तो अडकला असणार. मग लाइट सतत लागून राहतो. स्विच साफ करायच्या ऐवजी कोणीतरी वायरच काढली. लाइट बंद, गिऱ्हाईक खूश. आधीच्या मालकानं केलं की कुठल्या गॅरेजात झालं, आता कळणार नाही. चाबी फिरवल्यावर लाइट लागून विझतो ती नुसती बल्बची चाचणी, ती वायर काढली तरी होते. म्हणजे मी दीड वर्ष रोज सकाळी तो लाइट पाहून "चला, सगळं ठीक" म्हणत होतो.

तोच लाइट ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. ती वायर टाकीकडून वेगळी येते, ती शाबूत आहे. स्विच पेट्रोलनं धुतला, वायर जोडली. आता एक दात ओढला तरी लाल दिसतो.

ड्रमचं: डावीकडचे लायनर गेले. कडा काळ्या, वरून आरसा. उजवीकडचे चालले असते, पण पाना_नंबर_१४ भाऊंचं ऐकून दोन्ही बदलले. ड्रमला निळा डाग आहे, तडा नाही. डाव्या सिलेंडरचा बूट कडक झाला होता, तो बदलला. बेरिंगला आवाज नाही. ऑइल काढलं ते चहाच्या रंगाचं निघालं, घरच्या दुधाच्या चहाच्या नाही, टपरीवरच्या काळ्या चहाच्या. डॉट ४ टाकलं. सगळे मिळून २,६५० रुपये.

भाच्याला रागावलो नाही. त्यानं फक्त दांडा ओढला. दांडा ओढण्यासाठीच असतो.

पाना_नंबर_१४

वायर काढून टेप लावाचं काम मी बी केलं हाय. खोटं कायले बोलू? गिऱ्हाइकाले लगनाले जाचं असते, म्हणते, लाइट तेवढा बंद कर, बाकी मंग पाहू. थे मंग कधी येत नाई. आता हे वाचून वाटून राह्यलं का कमीत कमी चिठ्ठी तरी लिहून द्याले पाह्यजे होती. दोन गाड्या मले आठवते. एक तं गावातलीच हाय. उद्या बोलावतो त्याले.

मुठाकाठ

हे मात्र धक्कादायक आहे. मी वर जरा घाईनं लिहिलं. सेकंडहँड गाडी घेताना हे पाहायला हवं हे मलाही सुचलं नसतं. गाडी घेताना इंजिन, टायर, कागद पाहतात, दांडा ओढून लाइट पाहतो कोण?

मोर्शीची_लेक

चला, पुणेही उतरलं. हँडब्रेक सुटला म्हणायचा.

भौतिकमास्तर

घरी जाऊन माझी तपासली. लागतो. पण बायकोच्या स्कूटीचा साइड स्टँडचा लाइट लागत नाही. आता तो वेगळा धागा.

धुऱ्यावरचा

आईचं विचारलं होतं दोघातिघांनी. मोतीबिंदू आहे, दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणाले. आता गाडीत बसली की आधी दांड्याला हात लावून पाहते. डोळ्यांनी नीट दिसत नाही ना.

तूर_कापूस_सोयाबीन

जुना धागा वर काढतोय, माफ करा. पोळ्याला पुसदला घरी आलोय. गाडी १२ दिवस शेडमध्ये उभी होती, हँडब्रेक लावून. उभी करायच्या आदल्या दिवशी धुतली होती. आज दांडा खाली केला, लाइट विझला, पण गाडी मागे-पुढे हलत नाही. डावं चाक धरून ठेवलंय. बैल धुवायला नदीवर जायचंय, मंडळी वाट पाहतायत.

पाना_नंबर_१४

चिपकले. जोर लावून ओढू नोका, लायनर उखडून हाती येईन. पह्यला गियर, हळू क्लच, थोडी पुढं. मंग रिव्हर्स, थोडी मागं. चार-पाच डाव. नाई सुटली तं जॅक लावा, चाक काढा, आन् ड्रमच्या कडेनं लाकडी ठोकळा धरून हातोड्यानं हळूहळू ठोका. पुढच्या चाकाले दगड लावाले इसरू नोका, खाली डोकं घालाचं नाई.

तूर_कापूस_सोयाबीन

तिसऱ्या वेळी रिव्हर्सला टक्क झालं. सुटली. निघतो.